ताटाच्या कडेला चिमूटभर भाजी

खाला, आज खिचडी खाली लागली.

तू असतीस तर पातेल्याखालचा गॅस कधीच बारीक केला असतास. मी मोबाइलवर अंगणवाडीतल्या लेकरांची हजेरी भरत बसले आणि वास आल्यावर उठले. मग वरवरची काढून वाढली. अठरा लेकरं होती, एकानंही तोंड वाकडं केलं नाही. फक्त धाकट्या अयाननं विचारलं की खिचडीला धुराचा वास काहून येऊन राहिला. मी म्हटलं, आज खालानं केली नाही ना, म्हणून. मग खाला कवा येणार, हा पुढचा प्रश्न आला. मी काही जुळवून सांगायच्या आत त्याच्याशेजारची साडेपाच वर्षांची आरूच त्याला म्हणाली, खाला आता येणार नाही, आता बाईच करणार, तू खा. एवढं सांगून ती स्वतःच्या ताटलीत पाहून जेवायला लागली. आम्हा मोठ्यांना जे एकमेकांना सांगायला आठवडा लागला, ते तिनं एका घासाच्या आधी उरकलं.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. पहिले तीन दिवस मी रडले. चौथ्या दिवशी अंगणवाडी उघडली आणि रडायला सवड राहिली नाही, कारण तू करायचीस ती सगळी कामं माझ्या अंगावर आली. पाणी भरा, डाळ-तांदूळ निवडा, नाकं पुसा, चपला ओळीनं लावा. दुपारी कुलूप लावताना मी कंबर धरते आणि मनात येतं, बासष्टाव्या वर्षी हे सगळं करून ही बाई वर मला चहा कसा काय करून द्यायची. खरं सांगू का, काही काही दिवशी दुःखापेक्षा तुझा हेवाच जास्त वाटतो.

नवी मदतनीस अजून यायची आहे. तोवर आरूची आजी तासभर येऊन हात लावते. हीच ती म्हातारी, जी एकेकाळी आपल्या दोघींच्या नावानं गावभर बोटं मोडत होती. तू असतीस तर पदराआड हसली असतीस.

एकोणीस वर्षांपूर्वी मी सेविका म्हणून या गावात रुजू झाले तेव्हा तू आधीपासूनच होतीस. मी हिंगोलीहून प्रशिक्षण घेऊन आलेली, काखेत भाज्या-फळांच्या चित्रांचे तक्ते आणि डोक्यात जीवनसत्त्वांची यादी. तू दारात उभी राहून मला खालीवर पाहिलंस आणि विचारलंस, जेवून आल्या का. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असूनही तू मला कायम ‘बाई, तुमी’ म्हणालीस. मी पहिल्या महिन्यातच मावशीला म्हणावं तसं तुला ‘खाला, तू’ म्हणू लागले. हे उलटंच झालं होतं आणि ते सुलटं करायचं दोघींच्याही कधी मनात आलं नाही.

पहिलं भांडण आठवतं का? रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. मी एका पोराची हनुवटी धरून त्याला भरवत होते. चिऊचा घास, काऊचा घास, मामाचा घास, असं करत करत मी आख्ख्या नातेवाइकांची यादी संपवत आणली होती आणि पोराचा गाल टम्म फुगला होता. तू हातातला डाव तसाच धरून समोर उभी राहिलीस.

“बाई, काहून कोंबून राहिल्या? त्याच्या पोटाचं त्याला ठावं न्हाई काय?”

मी नवी होते, त्यामुळे मला राग आला. मी तुला सांगितलं की या वयात मुलांना काही कळत नसतं, आपणच लक्ष ठेवावं लागतं. पोरानं उठून कोपऱ्यात सगळं थुंकलं, ते तू पुसून घेतलंस आणि मला एका नजरेनंही टोचलं नाहीस. पण त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला तो तुझ्या जाण्यानंच थांबला. थांबला म्हणजे संपला नाही. माझ्या बाजूचे पुष्कळ मुद्दे अजून शिल्लक आहेत.

तुझी रीत मला कळायला वर्ष लागलं, कारण ती रीत आहे हेच दिसायचं नाही. लेकरं ओळीनं बसली की तू खिचडी वाढायचीस आणि प्रत्येकाच्या ताटलीच्या कडेला, खिचडीला शिवणार नाही अशी, तीन बोटांत मावेल एवढी भाजी ठेवायचीस. कधी मेथी, कधी तांदुळजा, कधी चिवळ, कधी आपल्याच परसबागेतला घोळ. त्या भाजीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. खा म्हणायचं नाही, चांगली असते म्हणायचं नाही, कशी लागली विचारायचं नाही. मग आपण दोघींनीही त्याच ओळीत आपापले डबे उघडून बसायचं आणि आपल्या ताटात पाहून जेवायचं. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही, हा कायदा लेकरांना होता तसाच आपल्यालाही होता. शेवटी ज्या ताटल्यांत भाजी तशीच राहिली असेल ती तू उचलून कोंबड्यांना टाकायचीस आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचीस, ऱ्हाऊ दे, उद्या बघू.

मी म्हणायचे, खाला, हे काय जेवू घालणं झालं? हे तर नुसतं ठेवणं झालं. तू म्हणायचीस, मंग तेच तर.

आता माझी गोष्ट. ती गावात कुणाला माहीत नव्हती आणि तू कुणाला सांगितली नाहीस. मी पालेभाजी खात नाही. मेथी नाही, पालक नाही, शेपू तर घरातही नाही. लहानपणी माझ्या आत्यानं नाक दाबून मला करडईची भाजी भरवली होती आणि मी ती नव्या गोधडीवर ओकले होते. मार बसला तो वेगळाच. तेव्हापासून हिरवा पाला ताटात दिसला की माझा घसा आपोआप बंद होतो. आणि मी झाले अंगणवाडीची बाई. भिंतीवर माझ्याच हातानं लिहिलं होतं की रोज हिरव्या पालेभाज्या खाव्यात.

तुला ते पहिल्याच थंडीत कळलं. सासूबाईंनी डब्यात मेथीचे पराठे दिले होते आणि मी पाठ फिरवून एकेक पान काढून कागदावर ठेवत होते. मान वर केली तर तू बघत होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता ही दुपारी पाण्यावर जाईल आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तुझ्या डब्यातली चिमूटभर तांदुळज्याची भाजी तू माझ्या ताटाच्या कडेला ठेवलीस.

मी हळूच पण चिडून म्हटलं, मी काय लेकरू आहे का? तू आपल्या ताटात पाहून भाकरी मोडत राहिलीस. जेवण झाल्यावर ती भाजी उचललीस आणि म्हणालीस, “ऱ्हाऊ द्या, बाई. उद्या बघू.”

हे एकोणीस वर्षं चाललं, खाला. एकोणीस वर्षं. माझी दोन लेकरं मोठी झाली, अंगणवाडीचं छत दोनदा बदललं, रजिस्टरं जाऊन मोबाइल आला, आणि माझ्या ताटाच्या कडेला रोज ती चिमूट येतच राहिली. रमजानमध्ये तुझा रोजा असायचा. तू पाण्याचा थेंब न घेता लेकरांची खिचडी शिजवायचीस, चव घेता येत नाही म्हणून मला हाक मारायचीस, बाई, जरा मीठ बघा. मी मनात म्हणायचे, चला, महिनाभर तरी सुटका. तर तू पिशवीतून छोटी डबी काढायचीस आणि माझ्या ताटाला चिमूट लावून भिंतीला टेकून बसायचीस. मी एकादशीला फराळाचा डबा आणला की मला वाटायचं, आज तर काही चालत नाही हिला. मग तू कुणाला तरी विचारून आलीस की उपासाला राजगिऱ्याची भाजी चालते. त्या एकादशीला तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. माझ्या धर्मातली पळवाट तूच शोधून काढलीस आणि तीही मला अडकवायला.

मी कधीच खाल्ली नाही. तूही कधीच खा म्हणाली नाहीस.

तुझं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ते वीटभट्टीजवळच्या घरातलं पोर आठव. हाडांचा सापळा झाला होता, वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ लाल पट्ट्यात खोल गेली होती आणि तू म्हणत होतीस, भूक लागू द्या, खाईल. मी ऐकलं नाही. आपण दोघी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन पुसेगाववरून एसटीनं हिंगोलीला गेलो, पोर सगळा रस्ता तुझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात त्याला तासातासाला मोजून पाजत होते. तू दिवसभर ते पाहिलंस. परत येताना बसमध्ये तू कबूल केलंस की इथं तुमीच खऱ्या. मग सेनगावचा फाटा आल्यावर म्हणालीस, “पन बाई, दवा येगळी अन् जेवन येगळं. दवा येळेवर द्यायची, जेवन भुकेवर.” म्हणजे हरतानासुद्धा अर्धं तू जिंकलीसच. ते पोर आता पाचवीत आहे, तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला आलं होतं.

आणि मग आरू.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या कडेवर आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती, पण दिसायची दोनची. आई-बाप हळदीच्या कामाला जायचे, पोरगी दिवसभर आजीजवळ, आणि आजीजवळ चहा आणि बिस्किटाचा पुडा. चहात बुडवलेलं बिस्किट सोडून ती कशालाच तोंड लावत नव्हती. आपल्याकडे येऊ लागल्यावर पांढऱ्या खिचडीचे चारदोन घास खाऊ लागली, एवढंच. तिच्या वजनाची रेघ पिवळ्यातून लालच्या काठावर आली होती. आजी म्हणाली, ते तसंच हाय बाई, तिच्या बापाचंही असंच होतं. मला मात्र झोप लागेना. त्या वीटभट्टीवरच्या पोराचे हात डोळ्यांसमोर यायचे.

तेव्हा मी ती चूक केली. तुला न सांगता केली, म्हणजे मला आधीच कळत होतं की ती चूक आहे. घरी मिक्सरमध्ये पालक अगदी मऊ वाटला, डब्यात आणला आणि तू पाण्याला गेलीस तेवढ्यात पातेल्यात ओतून ढवळला. आरूनं हिरवा रंग पाहून विचारलं तर मी सांगितलं, ही सालीच्या मुगाची खिचडी आहे. तिनं विश्वास ठेवला. तीन घास खाल्ले. चौथ्या घासाला तिच्या दातात एक धागा आला. तिनं तो बोटानं बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. ताटली पुढं सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पांढरी खिचडीही सोडली. पाच दिवस झाले तरी ती पोरगी आपल्या पातेल्यातलं काहीच खाईना. काहीही दाखवलं तरी मान हलवायची. त्या आठवड्यातच आजीनं गावात सांगत फिरायला सुरुवात केली की अंगणवाडीत लेकरांना काहीबाही मिसळून घालतात. आणि ते खोटं नव्हतं.

तू माझ्यावर आयुष्यात एकदाच रागावलीस, ती तेव्हा. लेकरं गेल्यावर दार लोटून घेतलंस. आवाज मात्र चढवला नाहीस.

“बाई, लेकराला फसवून चारलं तर त्याचा अन्नावरला न्हाई, आपल्यावरला भरोसा जातो. तुमाला तर हे मायापेक्षा जास्त ठावं पायजे.”

शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं, कारण ते आत्याच्या बोटांबद्दल होतं. मी तुला ती गोष्ट एकदाच, कधीतरी भाजी निवडताना सांगितली होती. तू ती जपून ठेवली होतीस आणि फक्त एकदाच, एका पोरीसाठी काढलीस. मी म्हटलं, मग आता काय करू ते तूच सांग. तू म्हणालीस, एक महिना तिच्या ताटलीकडं बघू नका. मी कबूल झाले, पण अट घातली. महिन्यानं वजन घेऊ आणि काटा जराही मागे गेला असेल तर मी तिला हिंगोलीला नेणार, मग तू मध्ये यायचं नाही. तू ‘बराबर’ म्हणालीस.

तू सगळ्यात आधी पातेल्याचं झाकण तिच्या स्वाधीन केलंस. रोज काय काय पडतं ते आरूनं बघायचं आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं. तांदूळ, डाळ, मीठ, हळद, तेल. तिनं सांगितल्याशिवाय वाढायचं नाही. मग तू तिला भाजी निसायला जवळ बसवलंस. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. तिच्या बोटांना हिरवा रंग लागायचा आणि ती तो फ्रॉकला पुसायची. आठ-दहा दिवसांत खिचडी परत सुरू झाली. ताटलीच्या कडेला चिमूट होतीच. मी कसम घेतल्यासारखी माझ्या डब्यात पाहत होते, पण चोरून बघायचे, तुलाही ते ठाऊक होतं. एक दिवस तिनं ती भाजी हुंगली. एक दिवस बोट लावून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. एक दिवस शेजारच्या पोराच्या ताटलीत टाकून दिली, तेव्हा मला वाटलं संपलं सगळं.

आणि मग एका दुपारी माझी नजर गेली तर तिच्या ताटलीची कड रिकामी होती आणि गाल हलत होता. माझे हात टाळ्यांसाठी वर गेले. तेवढ्यात तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं.

“वाजवू नका. भूक लागली, खाल्लं. त्यात काय?”

महिना झाला त्या दिवशी तू बिस्मिल्ला म्हणून तिला वजनाच्या झोळीत बसवलंस. आजी दारात उभी होती, पदर तोंडात धरून. काटा पुढे सरकला होता. फार नाही, पण पुढे. मी दोनदा पाहिला. आजीनं विचारलं, पोरीला काय घातलं तुमी? तू म्हणालीस, कायी न्हाई, तिनंच निसली, तिनंच खाल्ली.

त्यानंतर काही दिवसांनी आरूनंच मला पकडलं. जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं की बाई, तुमी काहून भाजी खात न्हाई? अठरा तोंडं माझ्याकडे वळली. मी भिंतीवरच्या माझ्याच अक्षरांकडे पाहिलं. खोटं सांगणं तर आता शक्यच नव्हतं. तू भाकरीचा तुकडा मोडत, मान वर न करता उत्तर दिलंस.

“बाईची जीभ अजून शिकून राहिली.”

लेकरांना ते एकदम पटलं. कुणी पुन्हा विचारलं नाही. मला उघडं पाडलं नाहीस आणि खोटंही बोलली नाहीस. त्या वेळी मी तुझे आभार मानायला हवे होते. मी फक्त लोणच्याची फोड तुझ्याकडे सरकवली.

आणखी एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी तू लेकीच्या बाळंतपणाला वारंगा फाट्याला गेलीस, पंधरा दिवस. पहिल्या दिवशी मी डबा उघडला आणि जेवायला बसले तर ताटाची कड मोकळी. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. जी भाजी मी कधी खाल्ली नाही, तिच्यासाठी माझी नजर पुन्हा पुन्हा ताटाच्या कडेला जात होती. तू परत आलीस तेव्हा हे तुला सांगायचं ठरवलं होतं. पण तू नातीचं कौतुक सांगत होतीस आणि सांगता सांगता चिमूट ठेवून मोकळी झालीस, मग राहूनच गेलं. सांगितलं असतं तर तू किती खूश झाली असतीस.

जियारतीच्या दिवशी तुझ्या घरी आले होते. तुझी सून शबाना चूल सारवत होती. ती मला बसा म्हणाली आणि फडताळातून ती छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “अम्मी रोज पैले बाई का निकाल के रखते थे, मिर्ची डालने से पैले. बाई को तीखा तकलीफ देता बोलके.”

मला वाटत होतं, तू तुझ्यासाठी केलेल्या भाजीतलीच चिमूट मला देतेस. तुझ्या भाजीत तर हिरव्या मिरच्या ठेचून घातलेल्या असायच्या. माझं वेगळं निघत होतं हे एकोणीस वर्षांत मला कळलंच नाही, कारण कळायला ती चाखावी लागली असती. कधीतरी मी म्हटलं असेन की मला तिखटानं जळजळतं. मी ते विसरूनही गेले होते. तिथं बसून मी जी रडले, ती त्या पहिल्या तीन दिवसांतलं सगळ्यात मोठं रडणं होतं. पण खाला, त्या रडण्यात दुःखापेक्षा काहीतरी वेगळंच जास्त होतं. इतकी वर्षं रोज कुणीतरी आपल्यासाठी मिरची थांबवून धरली होती, हे कळल्यावर माणूस कसं दुःखी राहील?

आता कालचं सांगते. ज्यासाठी हे लिहायला बसले ते तेच आहे.

दसऱ्यानंतर तू परसबागेत कुंपणाला लागून करडई टाकली होतीस. मी कुरकुर केली होती की दुसरं काही मिळालं नाही का. तू म्हणालीस, लेकरांसाठी हाय, तुमी काहून घाबरता. तू गेलीस तेव्हा ती जेमतेम बोटभर होती. काल पाहिली तर खुडायला आली होती. लेकरांना घेऊन खुडली, आरूनं सगळ्यांना निसायला शिकवलं आणि धाकट्यांना रागावली पण. आजीनं लसूण सोलला. मी भाजी केली. मिरची टाकायच्या आधी माझा हात थांबला, आणि का थांबला ते मलाच दोन क्षणांनी कळलं. मग म्हटलं, लेकरांनाही कुठे लागतं तिखट, आणि मिरची टाकलीच नाही.

खिचडी वाढली. प्रत्येक ताटलीच्या कडेला तीन बोटांत मावेल एवढी भाजी ठेवत गेले. मग माझा डबा घेऊन ओळीत आरूशेजारी बसले. माझ्या ताटाची कड मोकळी होती, तू गेल्यापासून होती तशी. आरूनं माझ्या ताटाकडे एकदा पाहिलं. कायदा मोडून पाहिलं. उठली, पातेल्याजवळ गेली, तीन बोटांत भाजी घेतली, वाटेत सांडत आणली आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवली. भाकरीला शिवणार नाही अशी. मग जागेवर बसून आपल्या ताटलीत पाहून जेवायला लागली.

करडईची भाजी, खाला. तीच. वास आला आणि आत्याची बोटं माझ्या नाकावर आली. पंचेचाळीस ओलांडलेली बाई मी, हातातला घास तसाच धरून बसले. बोटं त्या भाजीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली.

आरूनं मान वर केली नाही. तोंडातला घास चावत चावत हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. उद्या बघू.”

मी ती उचलली आणि तोंडात टाकली.

आवडली नाही, तुला खोटं सांगणार नाही. थोडी कडवट होती, थोडी मातकट, आणि मीठ कमी पडलं होतं. पण घसा बंद झाला नाही. मी ती चावली आणि गिळली. मग ताटाच्या मोकळ्या कडेकडे पाहिलं आणि नंतर, लहान पोरासारखं, ओळीकडे पाहिलं. कुणीतरी बघितलं असेल, काहीतरी म्हणेल. अठरा माना आपापल्या ताटल्यांत खाली होत्या. अयान बोटं चाटत होता. आरू पाणी पीत होती.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, खाला.